गेट क्रमांक चार : ठीक

"चार नंबर राहू द्या," यमगर आण्णा म्हणाले आणि पाच नंबरच्या गेटकडे चालू लागले.

मी जागची हलले नाही. माझ्या हातात फॉर्म होता, फॉर्मवर सात रकाने होते आणि त्यातले तीनच भरून झाले होते.

"राहू द्या म्हणजे काय, आण्णा?"

"म्हंजे झालं असं धरा."

"अहो, पण बटणच दाबलं नाही अजून आपण."

"दाबलं असं धरा की, मॅडम. तीन गेटं बघितलीसा न्हवं? तसंच हे बी. एकाच कारखान्यातनं आल्याती सगळी."

डिसेंबर दोन हजार चारमधली गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझी पीएच.डी. संपली होती. म्हणजे मी तरी तसं समजत होते. कळंबवणे धरणातून मोठा पूर सोडावा लागला, तर खालच्या साखरपेठ गावात पाणी कुठपर्यंत चढेल, हा माझा विषय. तीनशे बारा पानांचा प्रबंध तयार होता, बाइंडिंग तेवढं राहिलं होतं. परिशिष्टात सातही गेटांचे फोटो असावेत असं मला वाटलं, आणि फोटो काढायला आलेच आहे तर एकेक गेट वीतभर उचलूनही पाहावं, म्हणून मी पुण्याहून एसटीने आले होते. कोणी सांगितलं नव्हतं. हौस माझीच.

आण्णा यमगर धरणावरचे गेट ऑपरेटर. माझ्या जन्माआधी वीस वर्षं बांधलेलं धरण, आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं आण्णांनी त्याच्यावर काढलेली. डोक्याला लाल पटका, अंगावर खात्याचा खाकी शर्ट. मी हटत नाही म्हटल्यावर ते परत आले, मला पुलाच्या कठड्याशी नेलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"वाकून बघा. बोलू नगासा."

मी वाकले. पुलाखाली गेटाचे जाडजूड लोखंडी हात मागच्या खांबांपर्यंत गेले होते. त्या हातांना काळी सुपं टांगावीत तशी पोळी लटकत होती. मी नऊ मोजली. आम्ही वाकल्याबरोबर पहिल्या पोळ्यावर एक थरथर उठली आणि लाटेसारखी या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर.

"आग्या मोहोळ," आण्णा कुजबुजले. "आता मागं सरा. वळख दाखवली तेवढी बास."

पाच नंबरच्या गेटापाशी पोचल्यावर मी विचारलं, "किती वर्षं झाली?"

"अकरा. भोसेकर साहेब हुतं तवा. मे म्हैन्यात चाचणी लावली. मी म्हनलं, साहेब, माश्या हायती. त्ये म्हनलं, यमगर, धरण सरकारचं हाय, माश्यांचं न्हाई. बटण दाबलं, गेट हाललं, आन् माश्या वर आल्या. साहेबांनी धरणात उडी मारली."

"बाप रे!"

"पवायला येत न्हवतं त्यास्नी. वर माश्या, खाली पाणी. टायर टाकून काढलं आमी. मग त्येंनी बदली मागून घेतली. आता धरणच न्हाई अशा जिल्ह्यात हायती."

"पण पावसाळ्यात माश्या जातात ना? तेव्हा का नाही उघडून बघितलं?"

"पावसाळ्यात सहा गेटांत भागतंय. सातवं कशाला हालवायचं? उघडलं आन् बंद न्हाई झालं, मग?"

माझ्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न आला होता. माझ्याकडे या धरणाच्या तपासणी रजिस्टरच्या झेरॉक्स होत्या. दर मे महिन्याला सात ओळी. गेट क्रमांक एक : ठीक. गेट क्रमांक दोन : ठीक. अकरा वर्षं, सात गेटं, सत्त्याहत्तर वेळा ठीक. त्याच्या जोरावर मी सातव्या प्रकरणात लिहिलं होतं की पुराच्या वेळी सगळी गेटं उघडतील असं मानायला हरकत नाही.

"मग रजिस्टरमध्ये चार नंबर ठीक कसं?"

"रजिस्टर मुल्ला साहेब लिवत्यात," आण्णा आदराने म्हणाले. "अक्षर लई देखणं हाय त्येंचं."

मुल्ला साहेब म्हणजे धरणाचे शाखा अभियंता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, सौम्य, गुलाबांचा नाद असलेला माणूस. त्यांच्या ऑफिसच्या दारात बत्तीस कुंड्या होत्या. मी चार नंबरचं नाव काढलं तशी त्यांनी आधी चहा सांगितला, मग दार लोटून घेतलं.

"मॅडम, ठीक म्हणजे काय? त्या दिवशी गेट जागेवर होतं. गळत नव्हतं. रंगसुद्धा बरा होता. म्हटलं, ठीक."

"पण ते उघडतं का, साहेब?"

"उघडत असेल ना! न उघडायला काय झालंय?" मग त्यांनी कपाटातून एक जाड फाइल काढली. "मी गप्प बसलो असं समजू नका. सतरा पत्रं लिहिलीत. एका ऑफिसनं विचारलं, माश्या जंगली आहेत की पाळीव? दुसऱ्यानं विचारलं, अंदाजे संख्या कळवा. तिसरं पत्र आलं ते बघा, मधाची मालकी कुणाची, ते आधी ठरवा म्हणून. ते अजून ठरतंय."

मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करायला घेतली. गणित अवघड नव्हतं. एक गेट अडलं तर पाणी धरणात साठत जातं, वर चढतं, डावीकडच्या मातीच्या भिंतीच्या माथ्याशी येतं. तिच्यावरून पाणी गेलं तर भिंत राहत नाही. म्हणजे शेवटच्या घटकेला उरलेली सहा गेटं एकदम पूर्ण उघडायची. मग साखरपेठेत माझ्या प्रबंधातल्या पूररेषेच्या वर पाच फूट पाणी. मी पुन्हा केलं. पाच फूटच.

मुल्ला साहेब माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

"बिस्किट घ्या. एक सुचवू का? पाच नंबरचा फोटो दोनदा काढा. दिसायला सारखंच आहे."

मी त्यांच्याच टेबलावरून गोसावी सरांना फोन लावला.

डॉ. दिवाकर गोसावी, माझे मार्गदर्शक. धरणांवर त्यांचे एकोणसाठ शोधनिबंध होते आणि त्यांनी धरणावर पाऊल ठेवल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. सहल निघाली की सरांना सर्दी व्हायची. प्रयोगशाळेत त्यांनी एक सिमेंटचं धरण बांधलं होतं, मूळ धरणाचा चाळिसावा भाग. त्याला पितळी गेटं होती आणि पाणी नळाचं होतं. "धरणावर जाऊन काय बघणार?" ते म्हणायचे. "पाणी. ते इथेही आहे. आणि इथे दुपारी चहा मिळतो."

मी सगळं सांगितलं. पलीकडे प्रयोगशाळेतल्या नळाचा आवाज येत होता.

"हर्षदा," सर म्हणाले, "तुझ्या प्रबंधात मधमाश्या नाहीत."

"हो सर, पण धरणावर आहेत."

"धरणावर पुष्कळ गोष्टी असतात. एकतीस तारखेला प्रबंध जमा झाला पाहिजे. चार तारखेला मुलाखत आहे. आपल्या विभागातली ही लेक्चररची जागा आठ वर्षांनी निघालीय आणि पुढची निघेल तेव्हा मी नसेन. अधिकृत रजिस्टरमध्ये काय लिहिलंय?"

"ठीक."

"मग संपलं. माश्यांवर पुढे वेगळा निबंध लिही. नव्या विषयाला मागणी असते."

"सर, मी फॉर्मवर लिहिणार आहे की चारची चाचणी झाली नाही."

पलीकडचा नळ बंद झाला.

"काही लिहू नकोस," सर म्हणाले. "मी उद्या येतो."

फोन ठेवल्यावर मी मुल्ला साहेबांना म्हटलं, "सर येतायत." त्यांनी हात जोडले. त्यांना वाटलं, सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला, मुल्ला साहेब, आण्णा आणि मी वाट बघत होतो तिथे, पुलाच्या तोंडाशी भाड्याची इंडिका थांबली. सर उतरले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, टोपी, आणि डिसेंबरात छत्री. पुलावर ते बरोबर मधून चालत होते, रेघ आखल्यासारखे. एका बाजूला अथांग पाणी, दुसऱ्या बाजूला शंभर फूट खोल दगड, आणि सरांची नजर स्वतःच्या बुटांवर.

"कुठे आहेत माश्या?"

"इथे खाली. सर, हळू बोला."

"मोजल्या का?"

"पोळी मोजली. नऊ आहेत."

"पोळी नव्हे, माश्या. अंदाज हवा, अंदाज." सर कठड्यापाशी आले, डोळे मिटून दोन श्वास घेतले, मग वाकून पाहिलं. मला वाटलं, पाहिलं की परत फिरतील. पण आयुष्यभर लोखंडावर लिहिलेल्या माणसाला समोर खरं लोखंड दिसलं. "गंज आहे की नुसता मळ?" असं पुटपुटत त्यांनी छत्री खाली घातली आणि तिच्या टोकाने गेटाच्या तुळईवर तीन वेळा ठणठण वाजवलं.

"साहेऽब!" आण्णा ओरडले.

आवाज आधी आला. ट्रक चढ चढताना येतो तसा, खालून. मग कठड्याच्या वर एक तपकिरी पडदा उभा राहिला.

"खाली बसा! हात मारू नगा! पळू नगा!" आण्णा ओरडत होते. आम्ही तिघांनी त्यांतलं एकही ऐकलं नाही. सरांनी छत्री उघडली, आणि निम्म्या माश्या छत्रीच्या आत गेल्या. मुल्ला साहेबांनी कोट डोक्यावर घेतला आणि त्यांना पुढचं काही दिसेना. ते धरणाच्या बाजूला वळले, मी त्यांना बाहीला धरून ओढलं. सर पळताना मोठ्याने काहीतरी म्हणत होते. मला वाटलं स्तोत्र असेल. नंतर कळलं, शिव्या होत्या, आणि त्या मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

पुलाच्या टोकाला नियंत्रणाची केबिन होती. दोन माणसं बसतील एवढी. आम्ही चौघं आत शिरलो, आण्णांनी दार ओढलं, फटीत पटका कोंबला. काचेवर माश्यांचा थर बसला आणि आत संध्याकाळसारखा उजेड झाला.

डंख मोजले. सरांना अकरा, मुल्ला साहेबांना चार, मला दोन. आण्णांना एकही नाही.

"मला वळखत्यात," ते संकोचून म्हणाले.

आण्णांनी शिदोरीतला कांदा फोडला आणि आमच्या डंखांवर चोळला. सरांचा डावा डोळा मिटत चालला होता, खालचा ओठ सुजून पुढे आला होता. ते एकुलत्या एका स्टुलावर बसले होते. मग त्यांनी समोरच्या फळीवरचं रजिस्टर ओढलं आणि उजव्या डोळ्याने वाचायला लागले. पान, मग पान, मग पान.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले.

मुल्ला साहेबांनी मान खाली घातली. "साहेब, मी आलो तेव्हा आधीची चार वर्षं तशीच लिहिलेली होती. पाचव्या वर्षी मी वेगळं लिहिलं असतं तर पहिली चार खोटी पडली असती. माणसं अडकली असती."

"माहीत आहे," सर म्हणाले.

सुजलेल्या ओठांमुळे त्यांचे शब्द जाड येत होते, पण सर सावकाश बोलत राहिले.

"एकाहत्तर साली मी कनिष्ठ अभियंता होतो. एका छोट्या धरणावर. नाव नको. भिंतीच्या आतल्या बोगद्यात उतरून भेगा मोजायच्या, असं दर पंधरा दिवसांचं काम होतं. एकदा ताप होता. मी उतरलो नाही. वर बसून लिहिलं, ठीक."

"मग?" मुल्ला साहेबांनी विचारलं. "काही झालं?"

"काही नाही झालं. तेच तर. पुढच्या वेळी ताप नव्हता, तरी उतरलो नाही. त्या वेळीही काही झालं नाही. सहा महिने मी असं लिहिलं. रोज सकाळी पेपरात आधी धरण फुटल्याची बातमी शोधायचो. सातव्या महिन्यात राजीनामा दिला आणि शिकवायला आलो." त्यांनी रजिस्टर मिटलं. "प्रयोगशाळेत बरं असतं. धरण फुटलं तर फरशी ओली होते. शिपाई पुसून घेतो."

चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. त्यांच्या सर्दीचं कारण मला त्या केबिनमध्ये कळलं.

आण्णा काचेच्या एका मोकळ्या कोपऱ्याला नाक लावून बाहेर बघत होते. ते वळून म्हणाले, "एक बोलू का? समद्या माश्या आता हितं काचंवर हायती. पोळी मोकळी हायती. बटण दाबायचं असंल तर असा दिस परत यायचा न्हाई."

"यमगर!" मुल्ला साहेब उभे राहिले आणि छताला डोकं आपटून खाली बसले. "वरून परवानगी नाही!"

"धरणावर आत्ता सगळ्यात वरचे तुम्हीच आहात," मी म्हटलं.

सगळे सरांकडे बघू लागले. सर माझ्याकडे बघत होते, एका डोळ्याने.

"गेट उघडलं तर तुझा प्रबंध बरोबर," ते म्हणाले. "नाही उघडलं तर तुझी चार वर्षं गेली. समजतंय ना?"

"हो."

"मग तूच सांग."

माझ्या मानेवरचा डंख ठणकत होता. खरं सांगते, गावाचा, पुराचा विचार त्या क्षणी मनात नव्हता. ते गेट उघडावं, एवढीच इच्छा होती. मनापासून, हावऱ्यासारखी. उघडलं की एकतीस तारखेला बाइंडिंग, चार तारखेला मुलाखत.

"दाबा," मी म्हटलं.

"आधी भोंगा," आण्णा म्हणाले. "पाच मिनिटाला एक, असं तीन. खाली नदीत कुणी धुणं धूत असंल, कुणी म्हसरं पाण्यात घातली असतील."

"आण्णा, अकरा वर्षं गेट तपासलं नाही, आणि आज नियम?"

"गेटाचा नियम मोडला आसंल. भोंग्याचा मी कवाच मोडला न्हाई."

पंधरा मिनिटं भोंगा झाला. मग आण्णांनी पाटीवरची धूळ पुसली, चार नंबरच्या हिरव्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला.

मोटर गुरगुरली. साखळ्या ताणल्या. पायाखाली सबंध पूल हलल्यासारखा वाटला. मग मोठ्या घराचं दार बिजागरीतून निखळावं तसा एक लांबलचक कर्रर्र आवाज झाला, आणि काचेच्या त्या मोकळ्या कोपऱ्यातून गेटाच्या खालून पाण्याचा पांढरा पट्टा बाहेर पडताना दिसला.

"उघडलं!" मी ओरडले. मी चक्क मुल्ला साहेबांना मिठी मारली.

"थांबा," आण्णा म्हणाले.

पट्टा एका बाजूला वीतभर होता, दुसऱ्या बाजूला बोटभर. मोटरचा आवाज चढत गेला आणि आण्णांनी झटकन लाल बटण दाबलं. मग खाली घ्यायचं बटण दाबलं. नुसती गुणगुण. पुन्हा वर. गुणगुण. पुन्हा खाली.

"तिरकं अडकलंय," ते म्हणाले. "उघडत बी न्हाई आन् मिटत बी न्हाई."

पाणी वाहतच होतं. मुल्ला साहेब भिंतीला टेकून हळूहळू जमिनीवर बसले.

"या अल्ला," ते म्हणाले. "आता ठीक कसं लिहू?"

दुपारपर्यंत माश्या निवल्या आणि आम्ही बाहेर पडलो. साहेबांनी वरच्या ऑफिसला फोन केला. तिथून कोणीतरी तीन मिनिटं सलग ओरडत होतं. आम्ही ऑफिसच्या पायरीवर शिक्षेची वाट बघत बसलो. चारच्या सुमाराला खालून हलगीचा आवाज आला. मग दोन ट्रॅक्टर, मग जीप, मग पन्नासेक माणसं. मुल्ला साहेबांनी डोळे मिटून घेतले.

जीपमधून माजी सभापती बबनराव थोरबोले उतरले, हार घेऊन. महिनाभर खालच्या गावांचं आंदोलन चाललं होतं, नदीला शेतीसाठी पाणी सोडा म्हणून. त्यांनी भोंगा ऐकला होता, नदीला पाणी पाहिलं होतं, आणि मागणी मान्य झाली असं समजून गुलाल घेऊनच निघाले होते.

"साहेब, शब्द पाळलात!" त्यांनी मुल्ला साहेबांच्या गळ्यात हार घातला. मग बबनरावांनी सरांकडे पाहिलं. मिटलेला डोळा, सुजलेला ओठ, फाटकी छत्री. "हे कोण?"

"पुण्याचे तज्ज्ञ आहेत," मी म्हटलं. "गेटासाठीच आलेत."

"आणि तोंडाला काय झालं?"

"गेट उघडताना झालं."

बबनरावांनी सरांना नारळ दिला आणि गर्दीकडे वळून सांगितलं, "बघा! पुण्याची माणसं, पण आपल्या पाण्यासाठी मार खाल्ला!" सर काहीतरी म्हणाले, ओठामुळे कोणाला कळलं नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते पाणी नऊ दिवस वाहिलं. ज्या लोखंडी आसावर गेट फिरतं, तो आतून गंजून एकजीव झाला होता. त्या अकरा वर्षांत माश्या नसत्या, तरी ते एकदा अडणारच होतं. ते पाणी सगळ्या नदीकाठाने पाहिलं, पेपरात फोटो आले, त्यामुळे रजिस्टरमध्ये काही लपवण्यासारखं उरलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी खात्याला आस बदलावा लागला. मुल्ला साहेबांना नोटीस मिळाली, आणि आठवड्याने शेतकऱ्यांकडून सत्कारही. दोन्ही कागद त्यांनी त्याच फाइलला लावले.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. गर्दी गेल्यावर मी फॉर्म काढला आणि लिहिलं : गेट क्रमांक चार, उघडत नाही. सरांनी पेन मागितलं. त्यांची बोटं सुजून केळ्यांसारखी झाली होती. माझ्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, "मी स्वतः पाहिले", आणि सही केली. सहीला बराच वेळ लागला.

"सातव्या प्रकरणापासून पुन्हा करावं लागेल," ते म्हणाले. "गेट अडू शकतं, असं धरून. वर्ष तरी जाईल."

"आणि मुलाखत?"

"मुलाखतीला जा. जागा मिळणार नाही. पण चहा चांगला असतो."

चहा खरंच चांगला होता. जागा ठोंबरे नावाच्या मुलाला मिळाली. त्याचा प्रबंध वेळेत जमा झाला होता. मला चौदा महिने लागले. साखरपेठेची रेषा मी पाच फूट वर नेली. पुढे मला एका तालुक्याच्या कॉलेजात नोकरी लागली, अजून तिथेच आहे. नगरपालिकेने माझी दुसरी रेषा विजेच्या खांबांवर पिवळ्या रंगाने रंगवून घेतली, तेव्हा पाच फुटांच्या पट्ट्यातल्या शंभर घरांनी माझ्या नावाने बोटं मोडली.

त्यानंतर बारा वर्षांनी, ऑगस्टमध्ये, मोठा पूर आला. चार दिवस पाऊस थांबला नाही. कळंबवण्याची सातही गेटं उघडली, चौथं धरून. पिवळ्या रेषेखालची सगळी घरं पालिकेने आदल्या दिवशीच रिकामी केली होती. पाचव्या सकाळी पाणी उतरायला लागलं आणि नगरपालिकेच्या अभियंत्याने मला खुणेचा आकडा कळवला. मी जुना प्रबंध काढला, तो पहिला, जमा न केलेला. पाणी बरोबर त्यातल्या रेषेवर येऊन थांबलं होतं.

मी सरांना फोन केला. ते सत्तरीचे झाले होते.

"म्हणजे तुझा पहिला प्रबंध बरोबर होता," ते म्हणाले.

"हो सर. सातही गेटं उघडली ना."

"अरेरे," सर म्हणाले, आणि खोकला लागेपर्यंत हसत राहिले.

तो फोन ठेवते तोच दुसरा वाजला. साखरपेठेचे सर्जेराव बोंद्रे म्हणून कोणी होते. माझा नंबर त्यांनी नगरपालिकेत भांडून मिळवला होता.

"त्या पिवळ्या रेषेच्या बाई तुम्हीच का?"

"हो, मीच."

"चुकली तुमची रेषा! पाणी माझ्या गोठ्याच्या पायरीला लागलं आन् माघारी गेलं. आत थेंब न्हाई. तुमच्या नादानं मी चार म्हशी भर पावसात हायस्कुलात न्हेऊन बांधल्या. फुकट! निव्वळ फुकट!"

"चुकलं माझं, सर्जेराव," मी म्हटलं. इतक्या आनंदाने मी कधीच चूक कबूल केली नव्हती. "म्हशी कशा आहेत?"

"म्हशींस्नी काय धाड भरलीया? आठवी 'ब'च्या वर्गात फळ्याखाली बसल्यात रवंथ करत. सकाळधरनं ओढतोय, एक उठंल तर शप्पत."

"मग राहू द्या त्यांना अजून दोन दिवस तिथंच," मी म्हटलं. "पाऊस अजून आहे."